चंचीचा आतला कप्पा

६ ऑगस्ट २००६, रविवार

दुसरा धडा परत आला. मॅडमनी खाली तांबड्या अक्षरांत लिहिलंय, "शोभाताई, हे रिपोर्टसारखं वाटतं. तुम्ही कुठे आहात यात?" आता काय सांगू बाई तुम्हाला. सव्वीस वर्षं वॉर्डात रिपोर्टच लिहितेय. किती वाजता काय दिलं, ताप किती, लघवी झाली का. त्यात मी कशाला असेन? पेशंट असतो.

शिवाय 'मी घरी आलो' खोडून 'आले' केलंय. कोल्हापुरात बायका आलोच म्हणतात. पुण्यात बसून त्यांना काय कळणार! पण केलं दुरुस्त. शिकायचं म्हटल्यावर गप बसून शिकायचं.

सगळं प्रियाचं खूळ. पोरगी शिकायला पुण्याला गेली, कॉम्प्युटर इथंच ठेवला आणि जाताजाता आईचं नाव या ऑनलाइन लेखनवर्गात घातलं. बारा धडे. रविवारी मेल येते, शनिवारपर्यंत लिहून पाठवायचं. आम्ही नऊ जण. एक नाशिकचे, दोन नागपूरच्या, एक बाई तर दुबईला असतात. कुणी कुणाचं तोंड बघितलेलं नाही. नेट लावलं की फोन बंद, मग ह्यांचा आरडाओरडा, "माझा फोन यायचा हाय, आवर ते तुझं!"

१० ऑगस्ट, गुरु.

सकाळची ड्युटी. दोन बाळंतपणं, दोन्ही नीट. पाय सुजलेत.

विचार करत होते, मला या वयात हे कशाला पाहिजे? खरं कारण इथंच लिहिते, इथं कोण बघणार. आमच्या घरात बोलणारा एकच, दादा. हायस्कूलचा हेडमास्तर, वसाहतीतला वक्ता, कुठलाही कार्यक्रम असो माईक त्याच्या हातात. मी आपली टाळ्या वाजवणाऱ्यांत. हजारो केसपेपर लिहिले, खाली नुसती सही. माझ्या नावाचं एक पान असावं असं वाटतं. एवढंच. यात काय पाप आहे?

१३ ऑगस्ट, रवि.

चौथा धडा. विषय : 'घरात कुणीतरी लपवून ठेवलेली एक वस्तू.'

वाचल्याबरोबर आईची चंची डोळ्यांपुढं आली. दुसरं काही आलंच नाही.

१८ ऑगस्ट, शुक्र.

लिहून झालं. तीन पानं. नाव दिलं, 'आईचा देव'. काय लिहिलं ते थोडक्यात इथं टिपून ठेवते.

आमच्या आबांनी, म्हणजे वडलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या वर्षी घरातले सगळे देव पाटीत भरून नदीला सोडले. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण दादाच्या भाषणातून इतक्यांदा ऐकलंय की बघितल्यासारखं झालंय. 'एकही देव ठेवला नाही', इथं दादा हात वर करतो आणि टाळ्या पडतात.

आणि मी नऊ वर्षांची असताना आईच्या पानसुपारीच्या चंचीतला आतला कप्पा बघितला. दोऱ्यानं शिवून घेतलेला. त्यात चांदीचा टाक. देव्हाऱ्यात असतात तसला ठोकून काढलेला पत्रा, नखाएवढा, बाईचा आकार. आईनं तो काढला, पदरानं पुसला, कपाळाला लावला, काहीतरी पुटपुटली आणि परत शिवून टाकला. असं मी तीनदा बघितलं. दादाचा टायफॉईड उतरला तेव्हा. दादा मॅट्रिक पास झाला तेव्हा. दादाच्या लग्नादिवशी. माझ्या निकालाला नाही काढला, माझ्या लग्नाला नाही, प्रिया झाली तेव्हा नाही.

म्हणजे आईनं एक देवी लपवून ठेवली होती, आणि तीसुद्धा मुलासाठी. हे सगळं लिहिलं. लिहिताना हुंदका आला, कुणासाठी ते कळलं नाही.

१९ ऑगस्ट, शनि.

दोन बोटांनी टाईप करायला चार तास. पाठवलं. मॅडमची उलट मेल, 'सगळे चौकोन दिसतायत.' फाँटची भानगड. प्रियानं फोनवरनं सांगितलं तसं केलं, मग गेलं.

२७ ऑगस्ट, रवि.

मॅडमची मेल छापून घेतली आणि पर्समध्ये ठेवलीय. "शोभाताई, आता तुम्ही दिसलात. लपवलेल्या श्रद्धेवर इतकं हळुवार मी खूप दिवसांत वाचलं नव्हतं." दुबईच्या बाईंनी लिहिलंय की त्या रडल्या. नाशिकचे गृहस्थ कधी कुणाला बरं म्हणत नाहीत, त्यांनीही 'उत्तम' म्हटलंय.

वेड्यासारखी बागेसमोरनं दोनदा फेरी मारली, घरी जावंसं वाटेना. अठ्ठेचाळीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणतात, "मामींना इचारलंस काय?" माझ्या आईला हे मामी म्हणतात.

"काय विचारायचं? मी डोळ्यांनी बघितलंय की."

"बघितलंस ते खरं. पर इचारलंस काय?"

ह्यांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे. मी भाकरी वाढली आणि उठले.

३ सप्टेंबर, रवि.

वर्ग संपला की निवडक लेखांचं छोटं पुस्तक काढणार आहेत. 'आईचा देव' पहिला घेतलाय. पहिला! शेवटची प्रत १५ ऑक्टोबरपर्यंत पाठवायची, मग छपाईला.

प्रियाला फोन केला. ती किंचाळलीच.

९ सप्टेंबर, शनि.

व्हायचं ते झालं. प्रियानं कौतुकानं तो लेख मामाला पाठवला, शाळेच्या मेलवर. दादानं छापून काढला आणि ते कागद घेऊन थेट इथं. चपला काढल्या नाहीत.

"हे काय लिवलंयस, शोभे?"

"वाचलास की."

"आईला खोटारडी ठरवलीस तू! तीस वर्षं सांगतोय मी, आमच्या आबांनी एकबी देव ठेवला न्हाय. आता लोक म्हणणार, म्हातारी चंचीत देवी घिऊन विहारात वंदनेला येत हुती."

"म्हणजे तुझं भाषण पडंल, व्हय?"

तेवढं बोलायला नको होतं. दादानं कागद गुंडाळले. मग हळू म्हणाला, "भाषण गेलं खड्ड्यात. आईचं काय हाय ते बघ. झाकली मूठ झाकलेली ऱ्हाऊ दे. मागं घे ते."

मी म्हटलं, घेणार नाही.

चहा घेतला नाही त्यानं. कागद टेबलावर टाकून गेला. नंतर बघितलं, कागद नव्हते. जिन्यातनं परत येऊन घेऊन गेला असणार. कधी, ते कळलं नाही.

१० सप्टें.

रविवार असून आज दादाकडं गेले नाही. दर रविवारी जाते, आईचं डोकं धुते, नखं काढते. आज नाही.

राग आलाय तो आलाय. त्यानं तीस वर्षं बोलायचं आणि मी एकदा तीन पानं लिहिली तर मागं घे! आईसुद्धा त्याचीच. चंचीतली देवी त्याच्यासाठी, पहिला घास त्याला, आणि म्हातारपणी राहायलाही त्याच्याकडंच. मी हेवा करते, होय. लहान होते तेव्हापासून करते. लेखात हेच लिहिलंय मी, देवीचं नुसतं निमित्त. आज कळलं मला ते.

मागं घेणार नाही.

१५ सप्टें., शुक्र.

दु. ड्युटी. सहा नंबरच्या बाईचं सकाळी ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी फेरी मारली, डोळे मिटून पडली होती. मी पायाशी उभी राहून चार्टवर लिहिलं, 'शांत झोप. वेदना नाहीत.' तशी ती डोळे न उघडताच म्हणाली, "सिस्टर, जागी हाय मी. लई दुखतंय. तुमास्नी सारखं सारखं कुठं बोलवायचं म्हणून पडून ऱ्हायलो."

सव्वीस वर्षं नव्या पोरींना पहिली गोष्ट हीच शिकवत आले, बघितल्याशिवाय लिहायचं नाही, आणि दुखतं का ते पेशंटला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. ओळ खोडली, सही केली, डॉक्टरांना फोन करून इंजेक्शन दिलं. तासाभरात खरोखर झोपली.

बसमध्ये बसल्यावर ह्यांचं वाक्य आठवलं. मामींना इचारलंस काय.

टाक बघितला, खरं. कपाळाला लावलेला बघितला, खरं. देवी आहे हे कुणी सांगितलं? कुणी नाही. मीच लिहिलं.

१७ सप्टें., रवि.

आज लिहायला सुधरत नाही, तरी लिहिते. जसं झालं तसं.

दहाच्या सुमाराला कळंब्याला दादाकडं गेले. दादा कार्यक्रमाच्या मीटिंगला गेलेला. दीक्षेला पन्नास वर्षं झाली म्हणून दसऱ्याला वसाहतीच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे, त्याची गडबड. वहिनी स्वयंपाकात. आई मागच्या ओट्यावर उन्हात बसलेली. डोकं धुतलं, विंचरलं. चंची मांडीवर होतीच. ती कधी सोडत नाही.

म्हटलं, "आई, आतल्या कप्प्यात काय हाय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. दचकली वगैरे नाही. "तू बघितलंयस की ल्हान असताना. दाराआड हुबी हुतीस. मला ठावं हाय."

"कुठली देवी ती?"

"देवी? कुठली देवी गं?" आई हसली, दात नसलेलं हसू. "त्यो तारीचा टाक हाय."

"कोण तारी?"

"दादाची आई."

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. वय झालंय. पण आवाज स्वच्छ होता. ती बोलत गेली आणि मी टॉवेल हातात धरून बसले.

"तुझ्या बाची पयली बायकू. बाळंतपणानंतर गेली. दादा सा म्हयन्याचा हुता, तवा मला आणली. पयली मेली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालायची चाल हुती. तिचा जीव शांत ऱ्हावा म्हून. तसा घालूनच आलो मी त्या घरात. मग दीक्षा घेतली. तुझ्या बानं देव्हारा मोकळा केला, सगळं पाटीत भरलं. म्हणाला, गळ्यातलं बी काढ. काढलं. पर पाटीत न्हाय टाकलं."

"का?"

"देव गेलं ते गेलं, मला काय बी वाटलं न्हाय. त्यांनी काय दिल्तं आमास्नी? पर ही बाई हुती की गं. पोराची आई. फोटू न्हाय, काय न्हाय, येवढीच ऱ्हायली हुती. तिला कशी नदीत टाकू?"

म्हटलं, "मग कपाळाला लावायचीस, पुटपुटायचीस ते?"

"सांगत हुतो तिला. बघ बाई, ताप उतरला. बघ, तुझा ल्योक पास झाला. बघ, सून आली. तिला दुसरं कोण सांगणार?"

मग मी विचारू नये ते विचारलं. तीस वर्षं पोटात होतं. "माझ्या निकालाला का काढला न्हाईस?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. "तुला मी हुतो की."

आत वहिनीच्या भांड्यांचा आवाज येत होता. मी टॉवेलात तोंड घातलं.

निघताना आईनं मनगट धरलं. "दादाला सांगू नगंस. आमी गाव सोडून कोल्हापुरात आलो ते त्याचसाठी. त्याला आई एकच हाय."

म्हटलं, न्हाय सांगत.

१८ सप्टें.

रजा टाकली. दिवसभर पडून. हे दोनदा कपाळाला हात लावून गेले. त्यांना सांगितलं. ऐकून म्हणाले, "लई मोठी बाई हाय मामी," आणि स्वतः उठून भात टाकला.

मॅडमना तो लेख आवडला, दुबईच्या बाई रडल्या. माझ्या आईवर नव्हे, मी बनवलेल्या बाईवर. देव सोडताना जिनं डोळ्यातनं टिपूस काढलं नाही, तिच्या पदरात मी श्रद्धा बांधली.

आणि तीनदा म्हणून मोजत बसले होते. तिन्ही वेळा दादाच्या. समोर होतं सगळं. हेव्यानं डोळे बांधले की काय दिसणार?

२१ सप्टें., गुरु.

मॅडमना कळवलं, तो लेख चुकीचा आहे, मागं घेते. कारण फार सांगितलं नाही. 'ती वस्तू देव नव्हती, दुसऱ्या कुणाची तरी आठवण होती, मी न विचारता लिहिलं', एवढंच.

२३ सप्टें., शनि.

मॅडमचं उत्तर. "शोभाताई, ललित लेखनात थोडं स्वातंत्र्य घेता येतं. वाचकाला ती लपवलेली श्रद्धाच भिडते. सत्य काय होतं, यापेक्षा तुम्हाला काय वाटलं हे महत्त्वाचं. शांतपणे विचार करा. मुदत आहे अजून."

बाई वाईट नाहीत. मला कुणी चार ओळी लिहायला बसवलं असतं? त्यांनी बसवलं. तो विषय दिला नसता तर मी आईला कधी विचारलं नसतं, आणि ती गेल्यावर चंचीतला तो टाक बघून जन्मभर 'आईची देवी' म्हणत राहिले असते. त्यांचे उपकार आहेतच. पण मला काय वाटलं हे महत्त्वाचं? सहा नंबरच्या बाईच्या चार्टवर मला काय वाटलं तेच लिहिलं होतं मी.

२४ सप्टें., रवि.

दुसरा लेख लिहिला. एकच पान. रिपोर्टसारखा. आईनं काय सांगितलं, कुठं बसून सांगितलं, कुठल्या शब्दात. माझं एकही विशेषण नाही. लिहिताना रडू आलं नाही.

चांगला झालाय. मला कळतं तेवढं. आधीच्यापेक्षा शंभर पटीनं.

आणि पाठवता येत नाही. पुस्तक निघणार, दादा वाचणार. आईला शब्द दिलाय. न पाठवावा तर मॅडम पहिलाच छापायला मागतायत. काहीच न दिलं तर माझ्या नावाचं पान गेलं. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात ते हे.

कॉम्प्युटरवर दोन्ही फाईली एकाखाली एक. रोज उघडते, बघते, बंद करते.

२ ऑक्टोबर, सोम. दसरा.

हॉल गच्च. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे. आई पहिल्या रांगेत, खुर्चीवर, चंची मांडीवर. मी शेजारी.

दादा उठला. तेच भाषण. मला पाठ आहे, ओठ हलतात माझे. आबांनी दीक्षा कशी घेतली, देव्हारा कसा मोकळा केला, पाटी डोक्यावर घेऊन नदीला कसे गेले. आता हात वर होणार. 'एकही देव ठेवला नाही.'

हात वर झालाच नाही. "पाटी नदीला सोडली," एवढं म्हणाला आणि थांबला. पाण्याचा पेला उचलला, प्यायला. पहिल्या रांगेकडं बघितलं. मग पुढचा मुद्दा, शाळांचा. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या पडायच्या जागी टाळ्या पडल्या नाहीत, एवढंच.

मी आईकडं बघितलं. ती सुपारी चघळत होती.

भीती वाटायला लागली. आईनंच सांगितलं की काय? मी तर तोंडातनं अक्षर काढलेलं नाही.

४ ऑक्टो., बुध.

दादा आला. शाळा सुटल्यावर, एकटा. या वेळी चपला बाहेर काढल्या. "चहा टाक," म्हणाला आणि कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसला. स्क्रीन बंद होती, नशीब.

"वाचलं मी परत. धा-बारा येळा वाचलं."

मी स्टोव्हकडं तोंड करून.

"तीनदा काढला म्हणतीस. टायफॉईड, मॅट्रिक, लगीन."

"व्हय."

"तुझ्या येळंला एकदाबी न्हाय."

"न्हाय."

चहा उतू गेला, मी पुसत बसले.

"मला ठावं हाय गं, शोभे," म्हणाला. "चौथीत हुतो. आबांबरोबर आपल्या गावाकडं मलकापूरच्या बाजाराला गेलतो. एका म्हातारीनं मला धरलं, तोंडावरनं हात फिरवला, तारीचं तोंड हाय म्हणाली अन् रडायला लागली. आबांनी मला वढतच नेलं. मला कळायचं ते कळलं."

"आईला विचारलं न्हाईस?"

"इचारून काय करू? तिला वाटलं असतं, पोरगं परकं झालं. पंचेचाळीस वर्षं जपलंय मी ते." डोळे पुसले त्यानं, माझ्यासमोर, लपवलं नाही. दादाला रडताना आबा गेले त्यानंतर आजच बघितलं. "पर टाक ऱ्हायलाय हे ठावं न्हवतं मला. ल्हान असताना आईच्या गळ्यात बघितलेला आठवतुया, पुसट. नदीला गेला असंच धरून बसलो हुतो. आणि तू देवी लिवलंस म्हून तुझ्यावर धावून आलो. घरी जाऊन परत वाचलं. तीनदा, अन् तिन्ही येळा माझ्या. तवा मला..."

मी कप त्याच्यापुढं ठेवला.

मी काही सांगितलं नाही. आईला दिलेला शब्द मोडला नाही. मोडायला शिल्लकच काही नव्हतं. माझ्या त्या खोट्या लेखात जेवढं डोळ्यांनी बघितलेलं होतं, तेवढ्यानं त्याला खरं सापडलं होतं.

चहा प्यायला. उठताना म्हणाला, "आईला सांगू नगंस, मला ठावं हाय म्हून. ह्या वयात तिला कशाला." दारात थांबला. "पुस्तकात द्यायचं तर दे. तुला पायजे तर दे. पर देव म्हणू नगंस तिला. नाव घाल."

ती सांगते, दादाला सांगू नगंस. तो सांगतो, आईला सांगू नगंस. आणि मधे मी, हातात एक पान.

६ ऑक्टो., शुक्र.

मॅडमची आठवण. 'शोभाताई, कोणता लेख घ्यायचा? कळवा.'

काल वाटलं, पाठवावा. आईला वाचता येत नाही, तिला कोण सांगणार. आज वाटलं, पुस्तक वसाहतीत येणार, कुणीतरी कौतुकानं म्हातारीला वाचून दाखवणारच. माझ्याच पोरीनं नाही का मामाला पाठवला. ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुझं तू बघ. पर ह्या येळंला इचारलंस, बरं केलंस."

८ ऑक्टो., रवि.

मेलला उत्तर दिलेलं नाही. एक आठवडा आहे.

कळंब्याला गेले. आईचं डोकं धुतलं. दादा घरी होता. नेहमी पेपर घेऊन पुढच्या खोलीत बसतो, आज मागं ओट्यावर आला, खलबत्ता घेऊन. आईला दात नाहीत, सुपारी कुटून लागते. ते काम वहिनीचं. आज दादा कुटत बसला. हेडमास्तर. आई त्याच्याकडं बघत होती.

कुटून झाल्यावर म्हणाला, "आई, चंची दे. भरून देतो."

आईचा हात चंचीवर होता. तो तसाच राहिला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तांब्यातलं पाणी बादलीत ओतलं, बादली भरलेलीच होती. मग आईनं चंची उचलली आणि दादाच्या हातात दिली. अशी कुणाच्या हातात दिलेली मी कधी बघितली नाही.

दादा ती घेऊन उजेडाकडं वळला. बराच वेळ लागला. सुपारी भरायला एवढा वेळ लागत नाही. मग दोरी गुंडाळून परत दिली. आईनं ती पदराखाली घेतली, आणि दोघंही भिंतीवरच्या मांजराकडं बघत बसले.

दादाची पाठ माझ्याकडं होती. आतल्या कप्प्याला हात लावला का नाही, मला दिसलं नाही. दिसलं नाही, ते लिहीत नाही.